बंद ट्रेलरमध्ये मुक्कामाची सोय : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मालवाहतुकीच्या बंद ट्रेलरमध्ये राहण्याची साधी सोय करून तो जीपगाडीच्या मागे जोडून न्यावा, या विषयावर सीमाभागातून आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. अमेरिकेत ही पद्धत चांगलीच रुळलेली आहे. तेथे सहा फूट रुंद आणि बारा फूट लांब असा एका आसाचा बंद ट्रेलर तयार विकत मिळतो आणि हौशी लोक तो घरच्या घरी सजवतात. आपल्याकडचा ट्रेलर मात्र बहुधा एखाद्या फॅब्रिकेटरकडून मागणीप्रमाणे बांधून घेतलेला असतो आणि एकासारखा दुसरा नसतो. तिकडच्या चित्रफितींतील मापे जशीच्या तशी उतरवून घेण्यात त्यामुळे फारसा अर्थ नाही.

प्रश्न : आमचा मंडप आणि केटरिंगचा व्यवसाय होता. भांडी आणि शेगड्या नेण्यासाठी बारा वर्षांपूर्वी बेळगावात उद्यमबाग भागात एका आसाचा बंद ट्रेलर बांधून घेतला होता. आतून तो दहा फूट लांब, सव्वापाच फूट रुंद आणि साडेपाच फूट उंच आहे. नोंदणीपत्रात रिकामे वजन ५२० किलो आणि भरलेले एकूण वजन १,२०० किलो दिले आहे. व्यवसाय आता बंद केला. वृद्ध वडिलांना चिंचलीच्या मायाक्काला, सौंदत्तीला आणि पंढरपूरला नेताना मुक्कामाची फार आबाळ होते, म्हणून या ट्रेलरचे कॅम्पर करण्याचा विचार आहे. सुताराने पलंग, भिंतीला कपाटे, ओटा आणि कोपऱ्यात शौचालय असा आराखडा दिला असून सगळीकडे जाड प्लायवुड वापरावे असे त्याचे म्हणणे आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : सुताराला तूर्त थांबवा. बारा वर्षे भांडी वाहिलेल्या वाहनाची नीट तपासणी झाल्याखेरीज त्यात पलंगाचा खर्च करू नये. टायर वरवर चांगले दिसत असले तरी त्यांच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे उमटवलेले असतात. ते ‘२३१७’ असे असतील, तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. ट्रेलरचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो, कारण वर्षातले बहुतेक दिवस तो उन्हात एकाच जागी उभा असतो. आठ-दहा वर्षांचा टायर नक्षी शाबूत असली तरी बदलावा, आणि स्टेपनीचाही त्यात विचार करावा. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहावे. घरघर ऐकू आली किंवा चाक हातात वर-खाली हलले, तर बेअरिंग बदलून नवे ग्रीस भरून घ्यावे. स्प्रिंगच्या पाट्यांपैकी एखादा तडकला आहे का, त्यांचे यू-बोल्ट सैल आहेत का, आणि ओल्या भांड्यांच्या पाण्याने तळाचा पत्रा कोठे कुजला आहे का, हे खाली पडून, हातोडीने ठोकून तपासावे. कुजलेला पत्रा वरून प्लायवुड टाकून झाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

त्यानंतर ट्रेलर पूर्ण रिकामा करून वजनकाट्यावर न्यावा. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या काट्यांवर उसाच्या गाड्यांची रांग असते, तेव्हा महामार्गालगतचा एखादा खासगी काटा गाठणे बरे. नोंदणीपत्रातील ५२० किलो हे बांधणीच्या वेळचे वजन आहे; पुढे कप्पे, कड्या, जादा पट्ट्या लागल्या असतील तर काटा वेगळे सांगेल. समजा त्याने ५८० किलो दाखवले, तर १,२०० किलोंतून तुमच्या हाती ६२० किलो उरतात, आणि आतली बांधणी, पाणी, बॅटरी, गाद्या, ताडपत्री, स्वयंपाकाचे साहित्य हे सगळे त्यातच बसवावयाचे आहे. शिवाय ही मर्यादा केवळ ट्रेलरची झाली. तुमच्या गाडीने किती वजन ओढावे हे गाडीच्या मालकपुस्तिकेत पाहावे लागेल, आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी तो आकडा बराच कमी असतो. पुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिलेलीच नसेल किंवा ट्रेलर जोडू नये असे स्पष्ट लिहिले असेल, तर ती गाडी या कामाची नाही असे समजावे, मग गॅरेजवाले काहीही म्हणोत.

आता प्लायवुडाविषयी. तुमच्या ट्रेलरच्या भिंती, दारे आणि छत यांचे मिळून आतले क्षेत्रफळ सुमारे २२० चौरस फूट होते, म्हणजे आठ बाय चार फुटांचे सात पत्रे. १२ मिलिमीटर जाडीचा एक पत्रा साधारण २३ किलो भरतो, तर ४ मिलिमीटरचा आठ किलोंच्या आत. सात पत्र्यांत हा फरक शंभर किलोंहून अधिक होतो, आणि १९ मिलिमीटरचा हट्ट धरला तर केवळ अस्तरालाच अडीचशे किलोंच्या वर जातील. भिंतीच्या अस्तराला काहीच पेलावयाचे नसते, त्यामुळे ४ मिलिमीटर पुरेसे आहे. जाड प्लायवुड केवळ जमिनीला आणि बाकांच्या बैठकीला वापरावे, आणि ते आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेले, म्हणजे सागरी प्रतीचे, नाहीतर निदान आयएस ३०३ मधील उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या प्रतीचे घ्यावे. कापलेल्या कडांना रंग किंवा वॉर्निश दिल्याखेरीज ते बसवू देऊ नये, कारण पाणी नेहमी कडेतूनच शिरते. भिंतीवरची कपाटे सरळ रद्द करावीत; उंचावर ठेवलेले वजन ट्रेलरला वळणावर कलते करते, आणि खाचखळग्यांत त्यांची दारे उघडून सामान खाली येते ते वेगळेच. त्यांऐवजी कापडी खिसे आणि झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पेट्या वापराव्यात.

तुमच्या आराखड्यात मला सर्वांत खटकली ती शौचालयाची जागा. सुताराने ते, आणि त्याबरोबर पाण्याची टाकी, मागच्या दाराशी दाखवली आहे. एका आसाच्या ट्रेलरमध्ये एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजन पुढच्या हुकावर पडले पाहिजे. ते त्याहून कमी झाले की वेग वाढताच ट्रेलर डुलू लागतो, आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ वर एखादी भरधाव बस शेजारून गेली की त्या झोताने हे डुलणे आवरेनासे होऊ शकते. हुकावरचे वजन मोजणे मुळीच अवघड नाही. सामान भरून झाल्यावर सपाट जागी, चाकांखाली अडसराचा दगड लावून, धान्याच्या दुकानातला प्लॅटफॉर्म काटा हुकाखाली ठेवावा आणि ट्रेलर नेहमीच्या उंचीला असताना तो किती दाखवतो ते पाहावे; ९०० किलोंच्या ट्रेलरला ११० किलोंच्या आसपास आले तर ठीक. कमी आले तर पाण्याचे कॅन आणि बॅटरी आसाच्या किंचित पुढे सरकवावीत, जास्त आले तर मागे. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, हे लक्षात ठेवले की मोठी टाकी बसवण्याचा मोह आपोआप आवरतो. वीस लिटरचे दोन कॅन पुरतात आणि जत्रेच्या ठिकाणी भरताही येतात.

मांडणी सोपी ठेवावी. आतली रुंदी ६३ इंच, त्यातून दोन्ही बाजूंचे अस्तर वजा केल्यावर जेमतेम पाच फूट उरतात, तेव्हा आडवे झोपणे शक्य नाही. पुढच्या बाजूला दोन्ही भिंतींलगत सव्वासहा फूट लांब आणि दोन फूट रुंद असे दोन बाक घ्यावेत. मध्ये सुमारे एक फुटाची वाट राहते, आणि तिच्यावर सुट्या फळ्या टाकल्या की तिसऱ्याचीही सोय होते. वडील बसणार असल्यामुळे बाकाची उंची गादीसह १८ इंच ठेवावी. सुतार सामानाच्या सोयीसाठी ती दोन फूट करू पाहतील, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाचे पाय तेथून जमिनीला टेकत नाहीत. बाकांच्या वर सलग प्लायवुड न टाकता दोन-दोन बोटांच्या अंतराने लाकडी पट्ट्या माराव्यात, म्हणजे गादी खालून कुबट होत नाही. बाके तळाला वेल्ड करू नयेत, बोल्टने बसवावीत; त्याचे कारण पुढे नोंदणीच्या उत्तरात येईल. मागे उरलेल्या साडेतीन फुटांत पेट्या राहतील, आणि रात्री त्याच जागी घडीची कमोड-खुर्ची पडद्याआड उघडता येईल. वृद्ध माणसाची रात्रीची खरी गरज तीच असते, आणि ती पक्क्या शौचालयाच्या दहाव्या हिश्श्याच्या वजनात भागते.

एक गोष्ट सुताराच्या नव्हे, वेल्डरच्या कामाची आहे. गाडीपासून सोडलेल्या ट्रेलरच्या मागच्या भागात दोन माणसे गेली की पुढचा हूक उचलला जातो. मागच्या दोन्ही कोपऱ्यांना खाली सोडता येणारे टेकू बसवून घ्यावेत, आणि ते टेकवल्याखेरीज कोणालाही आत चढू देऊ नये.

प्रश्न : आम्ही जांबोटी भागात राहतो. गेल्या उन्हाळ्यात ट्रेलरला आतून थर्माकोल लावून त्यावर प्लायवुड मारले. पावसाळ्यात त्यात झोपलो की सकाळी छतावरून थेंब पडतात, गादीला खालून बुरशी आली आहे. छत गळते असे समजून तीन वेळा सिलिकॉन मारून घेतले, तरी फरक नाही. आता वरून दुसरा पत्रा टाकावा का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : पत्रा टाकण्यापूर्वी पाणी बाहेरून येते की आतच तयार होते, याचा निवाडा करून घ्यावा. थेंब कोठे दिसतात ते आधी पाहा. ते एकाच ठिकाणी, जोडापाशी किंवा दिव्याच्या भोकापाशी येत असतील, तर गळती आहे. ते ठरावीक अंतरावर सरळ रेषेत, छताच्या लोखंडी कमानींखाली आणि स्क्रूंच्या डोक्यांवर बसलेले दिसत असतील, तर ते तुमच्याच श्वासाचे पाणी आहे. दोन माणसे रात्रभर बंद जागेत झोपली की श्वास आणि घाम यांतून सुमारे अर्धा लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत जाते, आणि पावसाने गार झालेल्या लोखंडावर ते पुन्हा पाणी होऊन बसते. तुमच्या पत्रावरून मला हा दुसराच प्रकार वाटतो. तरीही खात्रीसाठी कोरड्या दिवशी नळीने पाणी मारून पाहावे: आधी खालचे जोड, मग भिंतींचे, शेवटी छताचे, प्रत्येक जोडावर दहा-दहा मिनिटे, आणि आत एक जण विजेरी घेऊन बसलेला. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळेच जोड ओले होतात आणि कोठून आले ते कळत नाही.

आता थर्माकोल असूनही असे का होते, हे पाहू. थर्माकोल तुम्ही कमानींच्या मधल्या मोकळ्या जागेत भरला असणार, आणि कमानी मात्र थेट प्लायवुडाला टेकलेल्या राहिल्या असणार. बाहेरचा गारवा त्या लोखंडातून सरळ आत येतो, म्हणून थेंबही नेमके त्याच रेषेवर येतात. उपाय असा की अस्तर काढून प्रत्येक कमानीवर पाच-सहा मिलिमीटर जाडीची, बंद छिद्रांच्या रबरी फोमची पट्टी चिकटवावी आणि मगच प्लायवुड पुन्हा मारावे. एअर कंडिशनरच्या नळ्यांवर जे काळे नायट्राइल रबर गुंडाळतात, तेच हे. ते घेताना आग धरून न ठेवणाऱ्या प्रतीचे मागावे. थर्माकोल चिकटवण्यासाठी रबरी सोल्युशन वापरले असेल, तर त्याने तो आतून विरघळून पोकळ झालेला असण्याचीही शक्यता आहे. अस्तर काढलेच आहे तर तेही पाहून घ्यावे. काचलोकर किंवा दगडी लोकर तुमच्या भागात वापरू नये, कारण एकदा ओल धरली की ती त्या पोकळीत वाळत नाही.

परंतु नुसत्या अस्तराने हा प्रश्न सुटणार नाही. वाफ बाहेर गेली पाहिजे, आणि त्यासाठी दोन वाटा लागतात: एक छताला आणि एक खाली, जमिनीलगत, विरुद्ध टोकाला. छतावर १४ इंच चौरसाचे, पंखा बसवलेले झाकण हा अमेरिकेतील कॅम्परांमधील प्रमाण आकार आहे. तेवढे भोक पाडताना कमान कापली जाता कामा नये. दोन कमानींच्या मध्ये जागा निवडून भोकाभोवती चौकोनी पाइपाची चौकट वेल्ड करून घ्यावी. झाकणाच्या कडेखाली ब्युटाइल टेप आणि वरून पॉलियुरेथेनचा सीलंट लावावा. सिलिकॉन येथे चालत नाही असे नाही, पण जुन्या सिलिकॉनवर नवे काहीही धरत नाही, आणि तुम्ही तर तीन थर चढवले आहेत. ते पात्याने पूर्ण खरवडून, स्पिरिटने पुसल्याखेरीज पुढचे काम टिकणार नाही. पंखा हवा बाहेर फेकणारा ठेवून रात्रभर अगदी मंद गतीवर चालू ठेवावा. खालच्या झरोक्याला डासांची जाळी आणि बाहेरून खाली वळवलेला पत्र्याचा पडदा लावावा, कारण कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस सरळ पडत नाही, तो आडवा येतो.

एवढे केल्यावर थेंब थांबतील, पण जुलैमध्ये ट्रेलर आतून खडखडीत कोरडा राहील अशी अपेक्षा ठेवू नये. बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते आणि पंखा आतली हवा बाहेरच्या हवेइतकीच कोरडी करू शकतो, त्याहून अधिक नाही. त्या दिवसांत गादी ट्रेलरमध्ये ठेवूच नका, घरात आणा. आणि छतावर दुसरा पत्रा मुळीच टाकू नका. त्याने वजन वाढेल, पाऊस वाजण्याचा आवाज थोडा कमी होईल, आणि थेंब पूर्वीसारखेच पडतील.

प्रश्न : आमच्या घरी इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवर्सची ट्यूब्युलर बॅटरी वापराविना पडून आहे. ती पलंगाखाली बसवून ट्रेलरमधील पंखा, दिवे आणि मोबाइल चार्जिंग चालेल का? सोलर पॅनेल किती घ्यावे? लहान फ्रिजही घ्यावा असे मुले म्हणतात.
— एक वाचक भगिनी, शहापूर, बेळगाव

उत्तर : पलंगाखाली नाही. पाणी घालावी लागणारी शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हिंदकळल्यावर आम्लही सांडते. बंद खोलीत, झोपलेल्या माणसाच्या खाली तिला जागा नाही. तीच वापरावयाची असेल, तर ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, बाहेरून हवा जाईल अशा पेटीत, पट्ट्याने घट्ट बांधून ठेवावी. मात्र ती ५५ ते ६० किलोंची असते आणि ते सगळे वजन हुकावर येते, याचा हिशेब आधीच्या उत्तराप्रमाणे करून घ्यावा.

गरज किती आहे ते मोजून पाहा. २५ वॉटचा बारा व्होल्टवरचा पंखा आठ तास चालला तर २०० वॉट-तास, पाच वॉटचे दोन दिवे चार तास म्हणजे ४०, दोन मोबाइलांचे ३० ते ४०. एका रात्रीचे एकूण तीनशेच्या आत येते. तुमची बॅटरी १२ गुणिले १५०, म्हणजे १,८०० वॉट-तासांची आहे, पण शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून ९०० धरावेत. पडून राहिलेल्या बॅटरीत तेवढीही धमक राहिली असेल असे नाही; दुकानात नेऊन तिच्यावर भार टाकून तपासून घ्यावी. नवी घेणारच असाल तर लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-अवर्सची घ्यावी. ती १,२८० वॉट-तासांची असते, त्यातले ऐंशी-नव्वद टक्के निश्चिंतपणे वापरता येतात, आणि वजन तुमच्या बॅटरीच्या पाव हिश्श्याच्या आसपास भरते. तिचे तीन मुक्काम चार्ज न करता निघतात, तेव्हा दोन-तीन दिवसांच्या प्रवासासाठी छतावर पॅनेल कशाला हवे, हा प्रश्न मी तुम्हालाच विचारतो. हवेच असेल तर १०० वॉटचे पुरे. उन्हाळ्यात त्यातून दिवसाला सुमारे तीनशे वॉट-तास हाती लागतील आणि आषाढात त्याहून बरेच कमी. फ्रिजविषयी मुलांची समजूत काढावी. तो एकटाच दिवसाला चारशे ते सहाशे वॉट-तास खातो, आणि बर्फाच्या पेटीत दूध-दही दोन दिवस सहज राहते.

तारा जाड घ्याव्यात. बारा व्होल्टवर हे अधिकच महत्त्वाचे, कारण अर्धा-पाऊण व्होल्टची तूटही तेथे जाणवते: पाच मीटर अंतरावर दहा अँपिअर नेताना २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन सुमारे ०.७ व्होल्ट गळतात, ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे ०.४. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात असावा. जत्रेत शेजारच्या मंडपातून २३० व्होल्टची वायर ओढून घेण्याची पद्धत आहे, ती या ट्रेलरच्या बाबतीत पाळू नये. संपूर्ण लोखंडी पेटी, खाली रबरी टायर, आणि ओल्या जमिनीवर उभा असलेला माणूस दाराला हात लावतो. तशी वीज घ्यावयाचीच असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, आणि खरेखुरे अर्थिंग असल्याखेरीज घेऊ नये.

प्रश्न : पावसात बाहेर स्वयंपाक करता येत नाही. पाच किलोंचा लहान सिलिंडर आत ठेवून चहा आणि खिचडी करावयास काय हरकत आहे? थंडीत आंबोलीला गेल्यास आत कोळशाची शेगडी ठेवता येईल का?
— एक वाचक भगिनी, संकेश्वर

उत्तर : शेगडीचे आधी सांगतो: कोणत्याही परिस्थितीत नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि एवढ्याशा पेटीत झोपलेल्या माणसाला तो कळण्याआधी गुंगी येते. दार किलकिले ठेवले तरी भरवसा नाही. थंडीला एक जादा रजई घ्या.

गॅस हवेहून जड असतो. तो गळला तर वरच्या खिडकीतून जात नाही, जमिनीवर पसरून बाकाखाली साचतो. सिलिंडर बाहेर, पुढच्या दांड्यावर, उभा आणि साखळीने बांधलेलाच असावा, आणि शेगडी मागच्या दाराबाहेर. दाराच्या पाल्ल्याला बाहेरून खाली पडणारी फळी बिजागरीने बसवून घ्या, वरून ताडपत्री ओढा, आणि भर पावसातही तेथे उभे राहून खिचडी होते.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेले नाही. मालाच्या ट्रेलरची दारे बाहेरून उभ्या दांड्याने आणि कडीने बंद होतात, ती आतून उघडत नाहीत. कोणी गंमत म्हणून किंवा चोरीच्या हेतूने बाहेरून कडी घातली, तर आतले लोक अडकले. रात्री एकदाही त्यात झोपण्यापूर्वी आतून उघडणारी कडी बसवून घ्या, आणि अंगाने बाहेर निघता येईल एवढी दुसरी वाट, म्हणजे निदान एक मोठी सरकती खिडकी, ठेवा. जुन्या टेंपो ट्रॅव्हलरच्या सरकत्या खिडक्या रबरासह भंगारात मिळतात, त्या या कामाला चांगल्या.

प्रश्न : माझा ट्रेलर एमएच-०९ क्रमांकाचा असून तो मी बेळगावात भावाकडे ठेवतो. त्यात खिडक्या पाडून कॅम्पर केला तर नोंदणीची काही अडचण येईल का?
— एक वाचक, चंदगड

उत्तर : दोन अडचणी येतील, आणि दोन्ही १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या आहेत. ट्रेलरलाही मोटारीप्रमाणेच नोंदणी लागते. कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदवलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले, तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. सीमेच्या दोन्ही बाजूंना घर असणाऱ्या आपल्या लोकांना हे कलम नेहमी विसरायला होते. दुसरे कलम ५२. नोंदणीपत्रातील, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हे कलम कडकपणे वाचले आहे. मालाचा ट्रेलर म्हणून नोंदवलेल्या पेटीला खिडक्या पाडणे, छत उंचावणे, पक्के शौचालय बसवणे, यांतले काहीही करण्यापूर्वी ज्या आरटीओकडे नोंदणी आहे तेथे आराखड्यासह लेखी अर्ज करून परवानगी घ्यावी आणि ती नोंदणीपत्रात चढवून घ्यावी. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. तोंडी ‘चालतंय’ म्हणणारा एजंट अपघाताच्या दिवशी शेजारी उभा नसतो.

परवानगीची वाट पाहण्याच्या काळातही ट्रेलर वापरता यावा, यासाठीच बाके, पेट्या, पडदे सगळे सुटे आणि बोल्टने काढता येईल असे ठेवावे. तसे सामान मालासारखेच ठेवलेले असते आणि उतरवले की ट्रेलर पूर्ववत होतो. झरोका, आतली कडी आणि खिडकी यांचा उल्लेख मात्र पहिल्याच अर्जात करावा, कारण त्यांच्यावाचून आत झोपणे योग्य नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे, परंतु त्यामुळे घरी बदललेल्या ट्रेलरला आपोआप मान्यता मिळते असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

प्रश्न : प्रवासात मुले ट्रेलरमध्ये झोपली तर चालते का? आणि चोर्ला किंवा तिलारी घाटाने गोव्याकडे उतरता येईल का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसू नये, मालाच्या ट्रेलरला माणसे वाहण्याची परवानगी नाही, आणि तेथे पट्टा नाही, हवा नाही, चालकाला हाक मारण्याची सोय नाही. तिलारी घाटाचा उतार आणि वळणे ट्रेलरसाठी नाहीत, तो विचार सोडावा. चोर्ल्याने जाता येईल, तेही पावसाळा सोडून, दिवसा, आणि ट्रेलरला चालू स्थितीतले ब्रेक असतील तरच. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर दोन-तीन वळणांत ते तापून लागेनासे होतात. ट्रेलर डुलू लागलाच तर ब्रेक दाबू नये, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा. रिव्हर्स घेण्याचा सराव आधी एखाद्या मोकळ्या मैदानात करून घ्यावा, कारण ट्रेलर मागे नेताना स्टिअरिंगच्या उलट बाजूला वळतो आणि घाटात समोरून ट्रक आल्यावर ते शिकायला वेळ मिळत नाही. निघताना सुरक्षेची साखळी हुकाखाली फुलीसारखी ओलांडून लावली आहे ना, मागचे दिवे लागतात ना, आणि कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरवर आहे ना, हे तिन्ही पाहावे. पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून चाकांच्या नटांवर पुन्हा एकदा पाना फिरवावा.